उसळत्या चेंडूचे अर्धे उत्तर

ऊर्जेच्या धड्यात चेंडू हमखास भेटतो. उंच धरलेल्या चेंडूत स्थितिज ऊर्जा असते, पडताना तिची गतिज ऊर्जा होते, उसळल्यावर पुन्हा स्थितिज. एकूण ऊर्जा अक्षय्य. मग वर्गातली एखादी मुलगी विचारते, "बाई, पण चेंडू पहिल्याइतका वर येतच नाही!" तिला बहुधा उत्तर मिळते, "हवेचा विरोध असतो. तो आपण धरायचा नाही."

माझा आक्षेप या उत्तराला आहे. ते अपुरे तर आहेच, शिवाय मुलीचे अचूक निरीक्षण ते बाजूला सारते.

टेनिसचा नियम काय सांगतो पाहा. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या नियमानुसार २५४ सेंमी उंचीवरून काँक्रीटसारख्या कठीण, सपाट पृष्ठभागावर सोडलेला नेहमीचा चेंडू १३५ ते १४७ सेंमी उसळला पाहिजे. म्हणजे मूळ ऊर्जेपैकी सुमारे ५३ ते ५८ टक्केच परत मिळते. एवढ्या कमी अंतरात हवेचा वाटा अगदी लहान असतो. बाकीची ऊर्जा मुख्यतः चेंडू दबताना आणि पूर्ववत होताना रबराच्या अंतर्गत घर्षणाने उष्णतेत जाते. आपल्या आकृतीतला 'आदर्श' चेंडू टेनिसच्या परीक्षेत चक्क नापास होईल!

उसळी हा चेंडूचा कायमचा गुणही नव्हे. चेंडू म्हणजे दोन अर्धगोल जोडून केलेला पोकळ रबरी गोळा, वर लोकर आणि नायलॉनचे केसाळ आवरण. आतल्या वायूचा दाब बाहेरच्यापेक्षा साधारण पाऊण वातावरण जास्त असतो. रबर आपल्याला सलग दिसते, पण वायूचे रेणू त्यातून हळूहळू बाहेर झिरपतात. म्हणून नवे चेंडू दाब भरलेल्या बंद डब्यात येतात. आतबाहेर दाब सारखा, त्यामुळे गळती नाही. डबा उघडला की चेंडूचे वय सुरू होते, मग तो खेळा वा कपाटात ठेवा. खेळताना आवरणही झिजते आणि हवेतली गती बदलते. विम्बल्डनला पहिल्या ७ गेमनंतर आणि पुढे दर ९ गेमनंतर चेंडू बदलतात, ते उगीच नव्हे.

नियमाच्याही मर्यादा सांगायला हव्यात. २५४ सेंमीवरून पडणारा चेंडू सेकंदाला जेमतेम ७ मीटर वेगाने आपटतो. जोरदार सर्व्हिसचा वेग ५० मीटरच्याही पुढे जातो, आणि आघाताचा वेग वाढला की परत मिळणाऱ्या ऊर्जेचे प्रमाण घटते. पण चाचणीचे तापमान, आर्द्रता आणि पृष्ठभाग नियम स्पष्ट सांगतो. आपला धडा यातले काहीच सांगत नाही.

करून पाहायला खर्च नाही. भिंतीवर खडूने एक मीटरपर्यंत खुणा करा. नवा चेंडू, गल्लीतल्या क्रिकेटमध्ये महिनाभर झिजलेला चेंडू आणि तासभर बर्फात ठेवलेला चेंडू एकाच फरशीवर सोडा. प्रत्येकी पाच वाचने घेऊन सरासरी काढा. गार चेंडू खाली का राहतो? वायूचा दाब घटला म्हणून, की रबर बदलले म्हणून? दोन्ही कारणे आहेत. ती वेगळी कशी करता येतील, हे मुलांनाच सुचवू द्या.

ऊर्जा अक्षय्यच आहे. फक्त ती कोठे गेली, हे विचारणाऱ्या मुलीला गप्प बसवू नये. धडा खरा तिथूनच सुरू होतो.