पायी चालणारा बिशप

इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म कसा रुजला, हे आज आपल्याला मुख्यतः एका मठवासी लेखकामुळे कळते. त्याचे नाव बीड. वयाच्या ७व्या वर्षी नातलगांनी त्याला नॉर्थंब्रियातल्या एका मठाच्या हवाली केले, आणि उरलेले आयुष्य त्याने मठातच वाचण्यात, शिकवण्यात, लिहिण्यात घालवले. ‘इंग्रज लोकांचा धर्मेतिहास’ हा त्याचा लॅटिन ग्रंथ ७३१ साली पुरा झाला. त्याच्या पाच भागांत राजे आहेत, पोप आहेत, लढाया आणि रोगाच्या साथी आहेत. पण ग्रंथाचा जीव तिसऱ्या भागात आहे, एडन या आयरिश मठवासी बिशपाच्या चित्रणात.

६३५ साली एडन आयोना बेटावरच्या मठातून नॉर्थंब्रियात आला. राजा ऑस्वाल्डनेच तिथून धर्मोपदेशक मागवला होता. एडनला इंग्रजी धड येत नव्हती. ऑस्वाल्डने मात्र हद्दपारीची वर्षे आयरिश लोकांत काढली होती, त्यांची भाषा त्याच्या चांगली अंगवळणी पडली होती. म्हणून एडन बोले आणि राजा स्वतः दुभाषा होऊन आपल्या सरदारांना अर्थ सांगे. एरवी हात राखून लिहिणारा बीड या दृश्याला मनापासून सुंदर म्हणतो.

मग येते एडनच्या दिनक्रमाचे वर्णन. फारच निकड असल्याशिवाय तो घोड्यावर बसत नसे. गावात असो की रानात, पायीच. वाटेत गरीब भेटो वा श्रीमंत, तो थांबून बोले; ज्याने धर्म स्वीकारला नसेल त्याला बोलावी, ज्याने स्वीकारला असेल त्याला बळ देई. सोबत चालणाऱ्यांनाही, मग ते मुंडन केलेले असोत की संसारी, धर्मग्रंथ वाचणे किंवा स्तोत्रे पाठ करणे भाग असे. राजाकडे जेवणाचे बोलावणे आले तर एकदोघांना घेऊन जायचा, चार घास खाऊन लगेच वाचनाकडे किंवा प्रार्थनेकडे वळायचा. धनिकांनी दिलेला पैसा गरिबांना वाटायचा, नाहीतर अन्यायाने विकल्या गेलेल्या गुलामांना सोडवायला खर्चायचा. अशा सोडवलेल्यांतल्या अनेकांना त्याने शिकवून धर्मगुरू केले. या साऱ्या वर्णनात सिद्धान्ताचा एकही शब्द नाही. धर्म पसरला तो चालण्याने, थांबण्याने आणि देण्याने, हे बीड नुसत्या तपशिलांतून पटवतो.

इथेच त्याची रचनेची जाण दिसते. एडनची निवड कशी झाली, ही गोष्ट तो मुद्दाम मागे ठेवतो आणि वर्णनाच्या शेवटी सांगतो. एडनआधी आयोनाहून दुसरा एक जण पाठवला होता, स्वभावाने कडक. तो परत आला आणि मठाच्या सभेत म्हणाला की ते लोक अडाणी, रानटी आहेत, सुधारणार नाहीत. सभेतला एडन त्याला शांतपणे म्हणाला की तुम्ही त्यांच्याशी जरा जास्तच कठोर वागलात. तान्ह्या लेकराला आधी दूध द्यावे तशी सोपी शिकवण आधी द्यायला हवी होती. सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळल्या आणि निवड झाली. आधी माणसाचे वागणे पाहिलेले असल्यामुळे वाचकाला त्याचे हे बोलणे तिथल्या तिथे खरे वाटते.

ग्रंथातला माझा सर्वांत आवडता प्रसंग राजा ऑस्विनचा. त्याने एडनला उत्तम घोडा दिला, सगळ्या साजासकट. थोड्याच दिवसांत वाटेत भिकारी भेटला, आणि एडनने साजासह घोडा त्याला देऊन टाकला. राजा नाराज झाला. घोडीचे पिल्लू तुला देवाच्या लेकरापेक्षा मोलाचे वाटते का, या अर्थाचा सवाल एडनने केला. शिकारीहून आलेला राजा शेकोटीपाशी उभा राहिला, विचारात पडला, मग कमरेची तलवार सोडून त्याने एडनच्या पायांवर लोळण घेतली. समेट झाला, राजा आनंदाने जेवायला बसला. आणि एडन रडू लागला. सोबतच्या धर्मगुरूने आयरिशमध्ये कारण विचारले. एडन त्याच भाषेत म्हणाला, इतका नम्र राजा मी पाहिला नाही, हा फार दिवस जगायचा नाही. ताटावर बसलेल्या राजाला त्यातला शब्दही कळला नाही. ऑस्वाल्डच्या दरबारात ज्या भाषेने राजा आणि साधू जोडले गेले, तीच भाषा इथे राजापासून त्याचे मरण लपवते. ऑस्विन ६५१च्या ऑगस्टमध्ये मारला गेला; एडन त्यानंतर १२व्या दिवशी वारला.

पुढचे चमत्कार, तेलाने शांत झालेला समुद्र किंवा उलटलेली आग, मला तितके भिडत नाहीत. भिडतो तो शेवटचा निवाडा. आयोनाचे मठवासी ईस्टरची तारीख रोमपेक्षा वेगळ्या गणिताने काढत. बीड कालगणनेचा जाणकार. ७२५ साली त्याने याच विषयावर मोठा ग्रंथ लिहिला होता. एडन इथे चुकला, हे तो स्पष्ट लिहितो आणि त्याच परिच्छेदांत त्याच्या प्रेमाची, संयमाची, गरिबांच्या कळवळ्याची स्तुती करतो. वेल्समधल्या बँगोरच्या मठवाशांचीही ‘चूक’ हीच होती. त्यांच्या सुमारे १२०० जणांची कत्तल झाली, तिथे मात्र बीडचे मन द्रवत नाही. ती पाने वाचताना मला आजही त्रास होतो. त्याच्या या कठोरपणाचे कारण बीडनेच दुसरीकडे नोंदवले आहे: त्या लोकांनी शेजारच्या इंग्रजांना कधी उपदेश केला नाही. लोकांपर्यंत चालत जाणाऱ्याला तो गणिताची चूक माफ करतो, न जाणाऱ्याला करत नाही.

हे माप त्याने आपल्या काळालाही लावले. मृत्यूच्या काही महिने आधी, ७३४ साली, बिशप एग्बर्टला लिहिलेल्या पत्रात त्याने तक्रार केली की दूरच्या डोंगरी वस्त्यांत बिशप वर्षानुवर्षे फिरकत नाहीत, पण वसुली मात्र तिथूनही होते. एडनचे चित्र त्याने कोणासाठी रंगवले, ते या पत्रावरून कळते.

बीड वाचायचा असेल तर पहिल्या पानापासून सुरुवात करू नका. तिसऱ्या भागातली ५, १४ आणि १७ ही प्रकरणे आधी वाचा, मग मागे जा.