नकाशे पुरे, आता वाक्यं दाखवा

नव्या लेखकाची फँटसी कादंबरी हल्ली हातात पडते ती नकाशासकट. सुरुवातीला राजघराण्याची वंशावळ, शेवटी शब्दसूची, मध्ये जादूचे नियम समजावणारं एक अख्खं प्रकरण, तेही गुरूच्या तोंडून. आणि एवढा सरंजाम ओलांडून आत जावं, तर राजपुत्र म्हणतो, 'आपल्याला या परिस्थितीचा गांभीर्याने विचार करावा लागेल.' सात समुद्रांपलीकडे भेटला कोण, तर पंचायत समितीचा विस्तार अधिकारी!

याला लेखकाइतकाच त्याला मिळणारा सल्ला जबाबदार आहे. फँटसीकार ब्रँडन सँडरसनचा २००७ सालचा पहिला नियम नव्यांना तोंडपाठ असतो: वाचकाला जादू जेवढी समजली असेल, तेवढाच तिच्या जोरावर पेच सोडवावा. ऐन वेळी नवा मंत्र काढून सुटू पाहणाऱ्या लेखकाला हा चाप योग्यच आहे. शिष्यांनी मात्र त्याची खतावणी केली. शक्तीपेक्षा मर्यादा महत्त्वाची, हा त्याचाच दुसरा नियम. तिथवर फारसं कुणी पोचत नाही. आपला वेताळ केव्हाच पोचला होता. विक्रम बोलला तर प्रेत पुन्हा झाडावर. उत्तर ठाऊक असून गप्प राहिला तर डोक्याची शकलं. एवढ्यावर पंचवीस गोष्टी उभ्या राहिल्या, आणि वेताळ उडतो कसा हे कुणी विचारलं नाही.

पुराणकथांचा अभ्यासक कॅम्पबेल याच्यावरून पाडलेल्या 'नायकाच्या प्रवासा'च्या साच्याबद्दल बोलत नाही. त्यातून निघालेल्या दोन कादंबऱ्या लागोपाठ वाचाव्यात, म्हणजे झालं. रोज अमुक शब्द लिहा, हा सल्ला टंकलेखनाचा.

खरा सल्ला फँटसीलेखिका अर्सुला ले ग्विन यांनी १९७३ मध्येच देऊन ठेवला आहे. 'फ्रॉम एल्फलँड टू पोकीप्सी' या निबंधात त्यांनी तेव्हाच्या एका फँटसीतला संवाद घेतला, मोजके शब्द बदलले, आणि तो वॉशिंग्टनच्या राजकारण्यांच्या तोंडी बिनबोभाट बसला. वास्तववादी लेखकाने 'दादर स्टेशन' म्हटलं की गर्दी, घाम, जिने वाचक स्वतःच भरतो. कल्पित नगराला तो आधार नाही. लेखकाची भाषा जेवढं उभं करील, तेवढंच ते नगर. म्हणून नव्या लेखकाने आपल्या राजसभेच्या जागी महापालिकेची स्थायी समिती घालून पाहावी. संवाद तसाच चालला तर पान फाडावं. त्यावर ऐतिहासिक कादंबऱ्यांतली दरबारी मराठी उसनी आणणं हाही उपाय नव्हे. खोट्या जुनेपणावरही बाईंनी कोरडे ओढलेच आहेत.

हे मराठीत जमतं का? जी. ए. कुलकर्णींचं 'रमलखुणा' १९७५ चं. त्यातली 'इस्किलार' वाचताना नकाशा कुणाला आठवतो? वाक्यांच्या चालीनेच आपण परक्या मुलखात जातो. पण जी. ए. म्हणजे 'साहित्य' आणि फँटसी म्हणजे पोरखेळ, अशी वाटणी आपण करून टाकली. 'मुक्तामाला' (१८६१), 'मंजुघोषा' (१८६८) या अद्भुतरम्य कादंबऱ्यांनी ज्या भाषेत कादंबरी रुजवली, तिथे वास्तववादी हरिभाऊ आपट्यांनंतर अद्भुत म्हणजे कादंबरीचं बालपण ठरलं. परिणाम असा की फँटसीचं हस्तलिखित आलं की संपादक ऱ्हस्व-दीर्घ तपासतो आणि छापायला धाडतो. लेखक मग सल्ल्यांच्या इंग्रजी याद्यांकडे वळला तर त्याला दोष कोणत्या तोंडाने द्यायचा?

आणि नकाशांचा आद्यपुरुष म्हणून ज्याचा दाखला देतात, त्या टॉल्किनने काय केलं? 'द हॉबिट' १९३७ मध्ये छापून झालं होतं. पुढच्या कथेत अंगठीचं स्वरूप बदललं, तेव्हा १९५१ च्या आवृत्तीसाठी त्याने गोलमचं प्रकरण नव्याने लिहिलं. त्याच पुढच्या कथेतला स्ट्रायडर पहिल्या खर्ड्यांत लाकडी जोडे घालणारा हॉबिट होता. त्याचा राजवंशातला माणूस झाला तो खोडण्यातून. आपल्याकडे तिसरा खर्डा मागणारा संपादक सोडाच, दुसरा वाचणारा तरी दाखवा.

प्रकाशकांनी नकाशाच्या चित्रकाराला द्यायचे पैसे आधी संपादकाला द्यावेत. आणि त्या संपादकाने गुरूने जादू समजावण्याचं ते प्रकरण पहिल्यांदा काढून टाकावं.