६४ दिवसांची आठवण

स्नोफ्लेकची 'कॉपी इन्टू' ही कमांड क्लाउडमधल्या फाइली डेटाबेसच्या टेबलात भरते. कुठली फाइल भरली याची नोंद ६४ दिवस राहते, म्हणून तीच फाइल पुन्हा भरली जात नाही. इथवर उत्तम. पण टेबल जुनं, फाइलही जुनी आणि नोंद पुसलेली, तर? तर भरली होती की नाही हे यंत्रणेला ठरवता येत नाही, आणि ती फाइल सरळ वगळते! माझा आक्षेप इथे आहे. गौतमांच्या १६ पदार्थांत संशय येतो, कारण विचार तिथून सुरू होतो. इथे तो तिथेच संपतो. कधीच न भरलेली गेल्या वर्षीची विक्री अशी बाहेर राहते. अनिश्चित फाइलीही भरा, असं सांगायची सोय आहे हो. पण मग तीच विक्री दोनदा मोजली जाऊ शकते. आधी टेबलात डोकावून पाहायला काय हरकत होती?