देवकथांचे वय कोशाने सांगायला हवे

इजिप्शियन देव ओसायरिसची नोंद बहुतेक लोकप्रिय संदर्भग्रंथांत एकाच साच्याची असते. सेथने भावाला मारले, त्याच्या देहाचे चौदा तुकडे केले, पत्नी आयसिसने ते शोधून काढले, फक्त लिंग माशांनी खाल्ल्यामुळे मिळाले नाही. ‘प्राचीन इजिप्शियनांची अशी श्रद्धा होती’ एवढ्यावर नोंद संपते. पण ही सलग कथा आपल्याला मिळते ती प्लुटार्ककडून. तो ग्रीक, आणि त्याचा ग्रंथ इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आरंभीचा. सक्कारा येथे युनास राजाच्या पिरॅमिडमध्ये कोरलेले मंत्र त्याच्या जवळजवळ अडीच हजार वर्षे आधीचे. त्यांत या मृत्यूचे नुसते उल्लेख येतात, गोष्ट कोणी सांगत नाही. अबायडॉसला पहिल्या सेती राजाच्या मंदिरात तर आयसिस घारीच्या रूपात मृत पतीच्या देहावर उतरून होरसचा गर्भ धारण करताना कोरली आहे. माशांची हकीकत या शिल्पाशी जुळत नाही. म्हणूनच इजिप्तविषयक कोशलेखनात आज नव्या नोंदींहून अधिक निकड आहे ती प्रत्येक विधानाचा काळ आणि साधन सांगण्याची.

यावर आक्षेप येतो की सामान्य वाचकाला गोष्ट हवी असते, साधनांची चिकित्सा तिचा रस घालवते. अनुभव उलट आहे. इ.स.पू. ११५०च्या सुमाराच्या चेस्टर बीटी पपायरसमध्ये होरस आणि सेथ यांचा राज्यासाठीचा वाद देवसभेत ऐंशी वर्षे चालतो. आयसिस भाल्यात अडकलेल्या सेथला भाऊ म्हणून सोडते, तेव्हा संतापलेला होरस आईचे डोकेच उडवतो. प्लुटार्ककडे तो फक्त तिचा मुकुट हिसकावतो, आणि शिरच्छेदासारखे अभद्र प्रसंग आपण गाळल्याचे प्लुटार्क स्वतःच नमूद करतो. दोन्ही पाठ शेजारी ठेवले की एका संस्कृतीची कथा दुसरीने कशी सोवळी केली हे दिसते. एकत्र कालवलेल्या नोंदीत नेमके हेच हरवते.

इतिहासाच्या नोंदींतही हाच दोष आहे. एक लाख माणसांनी गिझाचा मोठा पिरॅमिड बांधल्याचा आकडा ग्रीक इतिहासकार हेरोडोटसचा, म्हणजे तो बांधवणाऱ्या खुफू राजानंतर दोन हजार वर्षांनी ऐकलेला. वादी अल-जर्फ येथे २०१३मध्ये सापडलेल्या पपायरसांत मात्र खुफूच्याच काळातला मेरर हा अधिकारी तुरा येथील चुनखडी दगड नावेतून गिझाला नेल्याची रोजची नोंद ठेवतो. या दोन पुराव्यांना एकाच पारड्यात टाकता येत नाही.

तज्ज्ञांकडे उत्तम कोश आहेत, मग ओरड कशाला, असेही कोणी म्हणेल. कोश आहेत हे खरे. पण १९७२ ते १९९२ या काळात निघालेला ‘लेक्सिकोन डेर एजिप्टोलोगी’ प्रामुख्याने जर्मनमध्ये आणि मोठ्या ग्रंथालयांत आहे, तर ब्रिटिश इजिप्तविद्यातज्ज्ञ बजचा १९०४चा देवताग्रंथ स्वामित्वहक्क संपल्यामुळे सर्वत्र फुकट मिळतो. साहजिकच जुने मतच पुढच्या लेखनात पाझरत राहते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेचा इजिप्तविद्या कोश २००८पासून खुला आहे, म्हणजे ही कोंडी फुटू शकते. मराठीत इजिप्तवर लिहिणाऱ्यानेही बजऐवजी अशा साधनांपासून सुरुवात करावी. तीन हजार वर्षांच्या संस्कृतीला एकच श्रद्धा चिकटवणे हा तिच्यावर अन्याय आहे, आणि ‘हे कोणी, केव्हा सांगितले’ या दोन प्रश्नांची उत्तरे प्रत्येक नोंदीत देऊन तो दूर करणे कोशकाराच्या हातात आहे.