गेम मास्टरपासून काय लपवता?

'स्टॉर्म किंग्ज थंडर' पुन्हा वाचून काढलं आणि राग आला. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीतली ही २०१६ ची मोहीम अनेकांची लाडकी आहे, हे मला माहीत आहे. पुस्तक काही लपवतही नाही. जायंटांची उतरंड मोडली आहे, वादळी जायंटांचा राजा हेकटन बेपत्ता आहे, त्याची मुलगी सेरिसा गादीवर आहे आणि तिच्या दरबारात जायंटचं रूप घेऊन इमरिथ ही निळी ड्रॅगन बसली आहे, हे सगळं प्रस्तावनेतच गेम मास्टरला कळतं. सोबत प्रकरणं बाणांनी जोडलेला तक्ता आहे. पण सेरिसाच्या दरबारात खेळाडू पोचतात ते दहाव्या प्रकरणात. त्याआधी पाच जायंट सरदारांचे पाच अड्डे तपशीलवार लिहिले आहेत आणि पुढे सरकायला त्यांतला एकच पुरतो. त्या सरदारांच्या महत्त्वाकांक्षा आणि इमरिथचं कारस्थान यांना जोडणारा धागा गेम मास्टरने स्वतः विणायचा. आराखडा दिला आहे, पण तो प्रकरणांचा. अनुक्रमणिकेनेही तेवढं काम केलं असतं.

छापील मोहिमेने गेम मास्टरला कथानक आधी सांगावं की नाही, हा वाद म्हणूनच चुकीच्या जागी अडकला आहे असं मला वाटतं. एका बाजूचं म्हणणं असं, की आधी सांगितलं की गेम मास्टर खेळाडूंना रुळांवरून हाकतो. दुसरी बाजू म्हणते, सांगितलं नाही तर तो आंधळा चालतो. दोघंही 'कथानक' म्हणजे पात्रं पुढे काय करतील याची यादी, असं गृहीत धरतात. ही सवय लागली कुठून ते पाहायला हवं.

लागली ती कादंबरीतून. १९८४ साली ड्रॅगनलान्सची मॉड्यूलं आणि मार्गारेट वाइस व ट्रेसी हिकमन यांची पहिली कादंबरी एकाच वर्षी आली. त्या मॉड्यूलांत एक नियम होता: कथेला पुढे लागणारं पात्र मेलंच, तर ते मरण संदिग्ध ठेवा, म्हणजे त्याला परत आणता येईल. टेबलावर फासे पडले, खेळाडूंनी डोकं लढवलं, खलनायक पडला. आणि पुस्तक सांगतं, तो पडला असं पक्कं समजू नका, पुढच्या भागात तो लागणार आहे. हिकमन यांची प्रतिभा मी नाकारत नाही. त्यांच्याच १९८३ च्या 'रेव्हनलॉफ्ट'कडे मी पुढे येणारच आहे. पण ड्रॅगनलान्सने एक पिढी अशी घडवली, की तिला मोहिमेचं पुस्तक म्हणजे वाचायची गोष्ट वाटू लागली, आणि गोष्टीचा शेवट आधी सांगणं हा गुन्हा ठरला.

'द एनिमी विदिन'चं दुःख वेगळं आहे, कारण ती मोहीम थोर आहे. १९८६ ची वॉरहॅमरची ती सुरुवात आजही कुणाला जमलेली नाही: रस्त्यात एक प्रेत सापडतं, त्याचा चेहरा आपल्यातल्याच एका पात्राशी हुबेहूब जुळतो, आणि मेलेल्या कास्टर लीबरुंगचा वारसा, त्याचे शत्रू आणि पर्पल हँड ही त्याची गुप्त संघटना असं सगळंच त्या पात्राच्या मागे लागतं. पण खंड सुटेसुटे येत गेले. पहिला खंड घेतलेल्या गेम मास्टरला साम्राज्याचं काय होतं हे कळायला १९८९ उजाडलं. मधे 'समथिंग रॉटन इन किस्लेव्ह'ने मोहीम भलत्याच देशात नेली आणि मूळ धागा हातातून सुटला. ज्याला पुढचं माहीत नाही, तो पेरणार काय? पर्पल हँडचा एखादा माणूस खेळाडूंनी दुसऱ्याच खंडात उघडा पाडला, तर त्याला सोडून द्यावं की वाचवावं, हे ठरवायला गेम मास्टरकडे आधारच नव्हता. क्युबिकल सेव्हनने २०२० पासून ही मोहीम नव्याने काढली तेव्हा ग्रॅम डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी एक मोलाची गोष्ट केली. जुनं कथानक ज्यांना पाठ आहे अशा खेळाडूंसाठी रहस्यं कशी फिरवावीत, ते सांगणाऱ्या चौकटी त्यांनी जागोजागी घातल्या. गेम मास्टरला सगळं ठाऊक आहे, कदाचित टेबलावरच्या खेळाडूलाही ठाऊक आहे, हे धरून लिहिलेलं पुस्तक किती मोकळं होतं ते तिथे दिसतं.

व्हाइट वुल्फच्या मेटाप्लॉटबद्दल लिहायची इच्छा नाही. पुढचं पुस्तक विकण्यासाठी आजचं रहस्य गेम मास्टरपासून राखून ठेवणं हा व्यापार होता. अपॉकॅलिप्स वर्ल्ड आणि त्याची पिलावळ कथानकच लिहीत नाहीत, तेव्हा ती या चर्चेत बसत नाहीत. षट्कोनी नकाशांच्या जुन्या धाटणीच्या सँडबॉक्सांतले बहुतेक मला भूगोलाची पुस्तकं वाटतात.

पायझोला मात्र श्रेय द्यायला हवं. 'राइज ऑफ द रूनलॉर्ड्स'पासून, म्हणजे २००७ पासून, दरमहा एक खंड अशी सहा खंडांची पद्धत त्यांनी रुजवली आणि पुढचे खंड छापून यायच्या आधीच पहिल्या खंडात पुढच्या मोहिमेची रूपरेषा देऊ लागले. तेवढ्या माहितीवर कितीतरी टेबलं सावरली. तरी तीही रूपरेषा मुख्यतः खंडांची असते. खलनायक कारझूग कुणाच्या लोभावर जगतो हे गेम मास्टरला कळतं, पण ते खेळाडूंपर्यंत लवकर पोचवायची सोय पुस्तकात अपुरीच राहते.

आता मला ज्याबद्दल खरं बोलायचं आहे ते. लॅरी डिटिलिओ आणि लिन विलिस यांची 'मास्क्स ऑफ न्यार्लाथोटेप' १९८४ ची, म्हणजे ड्रॅगनलान्सच्याच वर्षाची. न्यूयॉर्कच्या हॉटेलात जॅक्सन इलियास मारला जातो आणि खेळाडूंच्या हाती कागद पडतात. पुढे लंडन, कैरो, केनिया, शांघाय, ऑस्ट्रेलिया, कुठेही जावं. हे शक्य होतं, कारण रोजर कार्लाइलच्या तुकडीचं खरं काय झालं ते कीपरला, म्हणजे तिथल्या गेम मास्टरला, पहिल्यापासून ठाऊक असतं. जगाच्या लेखी ती तुकडी केनियात कापली गेली. प्रत्यक्षात तिच्यातला पेनह्यू शांघायकडे आहे, ह्यूस्टन ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटाखाली आहे, ब्रॅडी जीव मुठीत धरून लपला आहे, आणि १४ जानेवारी १९२६ च्या खग्रास ग्रहणाला दार उघडायचं आहे. कोण, कुठे, कशासाठी आणि कधीपर्यंत, एवढंच. पात्रं काय करतील याबद्दल या आराखड्यात अवाक्षर नाही. खेळाडू उद्या लंडन सोडून थेट मोंबासाला गेले तरी कीपर डगमगत नाही, कारण तिकडे कोण वाट पाहत आहे आणि त्याला काय हवं आहे ते त्याला माहीत आहे. २०१८ ची आवृत्ती सहाशेहून अधिक पानांची झाली, पेरूचं पूर्वप्रकरण आलं, पण कणा तोच राहिला.

ग्रेग स्टॅफर्ड यांची 'द ग्रेट पेंड्रॅगन कॅम्पेन' तर आणखी पुढे जाते. २००६ च्या त्या पुस्तकात इ. स. ४८५ ते ५६६ अशी वर्षं ओळीने दिली आहेत. आर्थर राजा होणार, लान्सलॉट आणि गिनिव्हियर यांच्यामुळे दरबार फुटणार, कॅमलानला सगळं संपणार. हे गेम मास्टरला माहीत असतंच, खेळाडूंनाही माहीत असतं. तरी या मोहिमेइतकं दुःख आणि अभिमान टेबलावर उभं करणारं दुसरं पुस्तक मला ठाऊक नाही. आपला सरदार कुठल्या बाजूला उभा राहील, त्याचा मुलगा कुणाच्या भाल्याने पडेल, हे कुणालाच माहीत नसतं, आणि खेळ तिथेच घडतो. दशावताराचंही असंच आहे: लिखित संहिता नसते. कुठलं आख्यान लावायचं आणि कोण कुठला प्रसंग करणार एवढं ठरतं, आणि मग नट रात्रभर संवाद जागच्या जागी रचत राहतात. आख्यान ठाऊक नसलेल्या नटाला तिथे मोकळेपणा मिळत नाही, त्याची वाचा बसते.

केनेथ हाइट आणि गॅरेथ रायडर-हॅनराहन यांचं 'द ड्रॅक्युला डॉसिअर' २०१५ चं. ब्रिटिश गुप्तहेर खात्याने १८९४ साली ड्रॅक्युलालाच हाताशी धरायचा प्रयत्न केला, ही त्याची बैठक. खेळाडूंच्या हाती अख्खी कादंबरी दिली जाते, समासात हेरांच्या तीन पिढ्यांच्या टिपणांसकट. गेम मास्टरच्या पुस्तकात त्या टिपणांमागच्या व्यक्तींचे वेगवेगळे अवतार दिलेले असतात: हा माणूस निरपराध असू शकतो, खात्याचा असू शकतो, ड्रॅक्युलाचाही असू शकतो. निवड गेम मास्टरने करायची. हे पुस्तक ज्या खेळासाठी आहे, त्याच्या मूळ नियमांत कारस्थानाचा पिरॅमिड आहे: तळाशी गल्लीतले गुंड, माथ्यावर रक्तपिपासू, मधल्या पायऱ्यांवर बँका, खाती, दलाल. त्या एका पानावरची आकृती मी कुठल्याही ओघतक्त्यापेक्षा मोठी मानतो, कारण खेळाडूंनी कुठेही हात घातला तरी वरून कोणती हालचाल होईल ते तिच्यावरून सांगता येतं.

आणि 'रेव्हनलॉफ्ट'. पत्ते काढून भविष्य सांगणारी ती बाई, जी २०१६ च्या 'कर्स ऑफ स्ट्राड'मध्येही आहे, खेळाडूंनाच आराखडा देते: तीन वस्तू कुठे, खलनायक स्ट्राड शेवटी कुठे भेटेल. शेवट आधी सांगून रहस्य मरतं म्हणणाऱ्यांनी या प्रसंगाचं उत्तर द्यावं.

त्यांचं एक उत्तर मी पुष्कळदा ऐकलं आहे: गेम मास्टरलाही शोधाचा आनंद हवा, त्यालाही टेबलावर चकित व्हायचं असतं. मला हे पटत नाही. त्याला चकित करायला चार-पाच माणसं समोर बसलेली असतात आणि ती ते काम दर आठवड्याला करतात. लेखकाने पानांआड दडवलेला धक्का हा वाचकाचा आनंद आहे, आणि त्याची किंमत टेबल मोजतं. पुढे कोण महत्त्वाचा आहे हे न कळलेला गेम मास्टर भीतीने सगळ्यांनाच वाचवतो, सगळी दारं बंद ठेवतो, प्रत्येक प्रश्नाला 'तुम्हाला काही सापडत नाही' म्हणतो. रूळ तिथे पडतात. ज्याला सगळं ठाऊक आहे तो खलनायकाला तिसऱ्याच बैठकीत मरू देतो, कारण त्याची जागा कोण घेईल हे त्याला माहीत असतं.

'वॉटरडीप: ड्रॅगन हाइस्ट'मध्ये चार खलनायक आणि चार ऋतू दिले, त्यांतला एक निवडा म्हटलं आणि बाकी तिघांचे अड्डे त्या टेबलासाठी वाया गेले. जस्टिन अलेक्झांडरने चौघांनाही एकाच शहरात, एकाच खजिन्यामागे सोडलं आणि ती मोहीम उभी राहिली. एका गेम मास्टरने चार जणांचे हेतू शेजारी शेजारी मांडले, एवढंच घडलं होतं. हे काम प्रकाशकाचं होतं. नोकरी सांभाळून, रात्री जागून अडीचशे पानं वाचणाऱ्या माणसाला पहिल्या चार पानांत चार गोष्टी मिळायला हव्यात: काय घडून गेलं आहे, कुणाला काय हवं आहे, कुणी आडवं आलं नाही तर कधी काय होईल, आणि कोण मेल्यास कोण पुढे येईल. ही चार पानं लिहिता येत नसतील, तर ती मोहीम अजून लेखकालाच कळलेली नाही, आणि ती छापायला देऊ नये.