अभ्यास, वैराग्य आणि इलेक्ट्रिक गिटार

तत्त्वज्ञानाच्या मास्तरानं इलेक्ट्रिक गिटारवर बोलावं, आणि तेही यवतमाळात, हे जरा विचित्रच आहे. विषय वाचून काही जण दारातूनच परत फिरतील अशी आम्हाला धास्ती होती. आलात, बरं वाटलं. या विषयाला कारण घडलं ते आधी सांगतो.

आमच्या शेजारी एक मुलगा राहतो. कॉलेजात आहे. वडिलांची दारव्ह्याकडे कोरडवाहू शेती, कापूस आणि तूर. मुलाजवळ एक साधी इलेक्ट्रिक गिटार आणि एक छोटा अ‍ॅम्प्लिफायर. रोज संध्याकाळी तो एकच तुकडा वाजवतो आणि रोज त्याच जागी अडखळतो. एक दिवस येऊन म्हणाला, "सर, आवाज बरोबर येऊनच नाही राह्यला. प्रोसेसर घ्या लागते. हप्त्यानं भेटते." हप्ता कधीपासून, विचारलं, तर जूनपासून. मृगाच्या तोंडावर घरात बियाण्याच्या पैशाची जुळवाजुळव चाललेली, आणि त्याच महिन्यात हा हप्ता!

आम्ही त्याला लगेच उपदेश केला नाही. कारण त्याचा प्रश्न खरा होता: आवाज नेमका कशानं बिघडतो? हा कार्यकारणभावाचा प्रश्न आहे, आणि हौशी गिटारवाल्यांत त्याची दोन तयार उत्तरं मिळतात. एक पक्ष म्हणतो, साधन चांगलं घ्या, आवाज चांगला येईल. दुसरा म्हणतो, आवाज बोटांत असतो, साधन काही का असेना. आज या दोन्ही पक्षांची झडती घ्यायची आहे. आमच्या मते पहिला पक्ष चूक आहे आणि दुसरा अर्धाच खरा आहे. आणि अर्धं खरं कधीकधी जास्त नुकसान करतं.

पहिला पक्ष घेऊ. लिओ फेंडर या गृहस्थाचं नाव गिटारवाले देवासारखं घेतात. १९५४ साली त्याच्या कारखान्यातून स्ट्रॅटोकास्टर बाहेर आली. या फेंडरला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. म्हणजे जगातलं उत्तम साधन ज्याच्या हाताखालून गेलं, त्याच्या बोटांत ते उतरलं नाही. साधन जवळ असणं आणि विद्या असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याला याहून चांगला दाखला कोणता द्यावा?

दुसरा दाखला ब्रायन मे याचा. हा 'क्वीन' या बँडचा गिटारवादक. त्या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, हे तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. मे शाळकरी असताना, १९६३ साली, बाप-लेकांनी घरीच गिटार करायला घेतली. मान केली जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडातून, स्प्रिंगा मोटारसायकलच्या वापरल्या. तीच गिटार तो आयुष्यभर वाजवत आला, तीही प्लास्टिकच्या पिकनं नव्हे तर सिक्सपेन्सच्या नाण्यानं.

इथं दुसरा पक्ष टाळ्या वाजवतो: पहा, साधनाचं काही नाही! थांबा. पिकअप म्हणजे तारेखालचं चुंबक आणि त्याभोवतीचं तारेचं वेटोळं. तार हलली की त्यात वीज उमटते. मेनं हे पिकअपही आधी घरीच केले होते. पण तार ओढून स्वर वर नेला, आपल्याकडच्या मींडेसारखा, की आवाज बिघडायचा. तेव्हा त्यानं पिकअप विकत आणले. जिथं साधन खरोखर आड आलं, तिथंच पैसा खर्च केला, बाकी ठिकाणी नाही. हा विवेक दोन्ही पक्षांत नाही.

"आवाज बोटांत असतो" हे वाक्य आम्हाला थोडं निर्दय वाटतं, तेही याच कारणानं. ज्या पोराच्या गिटारच्या तारा मानेपासून बोटभर उंच आहेत, त्याला तुम्ही म्हणता, बोटं सुधार. बाराव्या पडद्यावर तार दाबून येणारा स्वर आणि त्याच जागी तारेला नुसता स्पर्श करून काढलेला स्वर जुळत नसेल, तर ती गिटार वरच्या पडद्यांवर बेसूरच बोलणार. दाबलेला स्वर चढा असेल तर घोडीचा तुकडा मागे सरकवून तारेची लांबी वाढवायची. एका स्क्रूचं काम आहे. आपल्या मिरजेच्या तंबोऱ्यांना आणि सतारींना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिथल्या कारागिराला विचारा, जवारी नीट लागली नसेल तर नुसत्या बोटांनी तंबोरा बोलेल का? साधनाची निगा राखणं म्हणजे चैन नव्हे. आपल्याकडं तर त्याची जास्तच गरज. उन्हाळा पंचेचाळीसच्या घरात जातो, लाकूड सुकून आकसतं, पडद्यांची टोकं बाहेर येऊन हाताला टोचतात. पावसाळ्यात तारा गंजतात. वाजवून झाल्यावर सुती फडक्यानं तारा पुसा. हा बिनपैशाचा उपाय किती जण करतात?

मग साधनाचा दोष की बोटांचा, हे ठरवायचं कसं? आपल्या नैयायिकांनी पद्धत देऊन ठेवली आहे: अन्वय आणि व्यतिरेक. कारण असलं की कार्य असतं, कारण काढलं की कार्य जातं. एका वेळी एकच गोष्ट बदला, बाकी तशीच ठेवा. शेजारच्या मुलाच्या अ‍ॅम्प्लिफायरमधून सतत घूं असा आवाज यायचा. त्याला वाटे, हलक्या मालामुळं. आम्ही म्हटलं, गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आण. घूं राहिली, तर दोष केबलचा, अ‍ॅम्प्लिफायरचा किंवा घरच्या विजेचा. घूं गेली, तर ती पिकअपमधून शिरते आहे. गेली. आता गिटार घेऊन जागेवरच वळ. वळताना ती कमीजास्त झाली. पंख्याचा रेग्युलेटर बंद केला, आणि उरलेली बरीचशी गेली. एकेरी वेटोळ्याचा पिकअप आजूबाजूची विजेची कुरकुर ओढतोच. म्हणून तर १९५५ च्या सुमाराला गिब्सन कंपनीत सेथ लव्हरनं दोन उलटी वेटोळी जोडून ती कुरकुर एकमेकांत जिरवली. म्हणजे हजारो रुपयांच्या प्रोसेसरचं कारण एक रेग्युलेटर निघालं!

पण याच तपासात एक गोष्ट निघाली, तिथं आम्ही हसलो नाही. मुलगा म्हणाला, "कधीकधी तारेला हात लावला का झिणझिण्या येतात." त्यांच्या खोलीतल्या प्लगला अर्थिंगच नव्हतं. तिसरी पिन काढून टाकलेली, कारण बोर्ड दोन पिनांचा. मंडळी, तालुक्याच्या गावात, मंडपात, गॅदरिंगला ही गोष्ट सर्रास चालते. १९७२ साली स्कॉटिश बँडचा गिटारवादक लेस हार्वी स्वानसी इथं भर रंगमंचावर, अर्थ नसलेल्या माइकला हात लागून, विजेच्या धक्क्यानं गेला. गिटारच्या तारा तुमच्या हातात आणि माइक ओठांशी. दोहोंमध्ये विजेचा दाब वेगळा असला तर वाट तुमच्या शरीरातून जाते. तेव्हा पहिला खर्च पेडलवर नको, वायरमनवर करा. झिणझिणी आली की वाजवणं तिथंच थांबवा. यावर दुमत नको.

आता बोटांकडं येऊ. पतंजलींनी चित्त आवरण्यासाठी दोन उपाय जोडीनं सांगितले: अभ्यास आणि वैराग्य. अभ्यासाच्या त्यांनी तीन अटी घातल्या. तो दीर्घकाळ हवा, अखंड हवा, आदरानं केलेला हवा. गिटारवाला पहिल्या अटीवर जोर देतो, रोज चार तास वगैरे. खरी मेख तिसऱ्या अटीत आहे. अ‍ॅरिस्टॉटलनं नीतिशास्त्रात फार मार्मिक सांगितलं: लायर वाजवूनच माणूस चांगला वादक होतो, आणि लायर वाजवूनच वाईट वादकही होतो. म्हणजे नुसत्या रियाजानं चूकसुद्धा पक्की होते. आमचा शेजारी तेच करत होता. अडखळण्याचाच त्याचा रोज रियाज चालला होता.

दहा हजार तासांचं सूत्र तुम्ही ऐकलं असेल. ते ग्लॅडवेलच्या २००८ च्या पुस्तकामुळं पसरलं. ज्या अँडर्स एरिक्सनच्या १९९३ च्या अभ्यासावर ते बेतलं, त्या एरिक्सननंच पुढं हरकत घेतली. त्याचा भर होता नेमकी चूक हेरून तिच्यावर काम करण्यावर. आपल्या गुरुजनांना हे नवं नाही. पलटा आधी ठाय लयीत, मग दुगुण, मग चौगुण. आम्ही मुलाला सांगितलं, अख्खा तुकडा वाजवूच नको. जिथं अडतोस त्याच्या आधीचा एक स्वर आणि नंतरचा एक स्वर, एवढंच घे. मेट्रोनोम निम्म्या लयीवर लाव. सलग पाच वेळा स्वच्छ आलं की लय थोडी वाढव. बिघडलं की मागे ये. वीस मिनिटं, पण रोज.

आणखी एक बारकावा. डिस्टॉर्शन लावलं की हळू-जोरात हा फरक दबतो, मग पिकचा असमान आघात कानाला कळत नाही. म्हणून अर्धा रियाज स्वच्छ आवाजात करा. पण नुसता स्वच्छ आवाजातही करू नका. कारण डिस्टॉर्शनमध्ये न वाजवलेल्या तारांची खरखर उघडी पडते, आणि त्या तारा तळहातानं गप्प ठेवणं ही या वाद्याची अर्धी विद्या आहे. तंबोऱ्यात सगळ्या तारा बोलत्या ठेवायच्या असतात. इथं पाच गप्प ठेवून एक बोलती करायची.

राहिलं वैराग्य. वैराग्य म्हणजे काही घेऊच नये असं नव्हे. त्या वस्तूनं आपल्याला ओढत नेऊ नये, एवढंच. आमची कसोटी साधी आहे. जे घ्यायचं आहे त्यानं कोणता अडथळा दूर होणार, हे एका वाक्यात लिहून काढा. मग महिनाभर त्या अडथळ्यावर रियाज करा. महिन्यानंतरही ते वाक्य खरं असेल, तर खुशाल घ्या.

मुलानं वाक्य लिहिलं, आमच्याकडंच ठेवलं. त्या जूनमध्ये त्यानं तारांचा नवा संच घेतला आणि तीन पिनांचा बोर्ड बसवून घेतला. तो तुकडा आता अडखळत नाही. पण आमचं म्हणणं खरं ठरलं असं आम्ही म्हणणार नाही. कारण परवा तो आला आणि म्हणाला, "सर, महिना होऊन गेला. वाक्य अजून खरंच आहे." आम्ही कागद काढून वाचला. लिहिलं होतं: रात्री घरचे झोपल्यावर वाजवता येत नाही, हेडफोनची सोय पाहिजे.

मंडळी, हे वाक्य आम्हाला खोडता आलं नाही. जुनं, वापरलेलं यंत्र शोधू, रोखीनं घेऊ, असं ठरलं आहे. तुमच्यापैकी कुणी विकणार असेल तर व्याख्यान झाल्यावर भेटा.