अवेळीचे आभाळ

ज्ञानेश्वरी वाचताना दृष्टांत आला की आपण थोडे सैलावतो. सिद्धांत अवघड आणि दृष्टांत सोपा, अशी आपली समजूत असते. त्यामुळे सिद्धांतापाशी आपण थांबतो, चिंतन करतो, दोन टीका उघडून पाहतो. दृष्टांत मात्र ‘कळला’ म्हणून मागे टाकतो. सहाव्या अध्यायातील आभाळाच्या ओवीवर हा अन्याय फार झाला आहे. कीर्तनात ती येते, बुवा अर्थ सांगतात, आणि पुढच्या प्रमाणाकडे वळतात. त्या ओवीपाशी थोडे थांबावे आणि थांबलोच आहोत तर मान वर करून खरे आभाळही पाहावे, यासाठी हे चार शब्द.

प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. भगवंतांनी योगमार्ग सांगितला. मन आवरणे वाऱ्याला बांधण्याइतके कठीण आहे, असे अर्जुन म्हणाला. मग त्याच्या मनात खरी भीती उभी राहिली. एखाद्याने श्रद्धेने मार्ग धरला, संसाराची गोडी सोडली, पण मुक्कामी पोचण्याआधीच आयुष्य सरले, तर त्याचे काय? प्रपंचही गेला आणि परमार्थही हाती लागला नाही. दोन्हीकडून सुटलेला असा माणूस फाटलेल्या ढगासारखा नाहीसा तर होत नाही ना? गीतेत ढगाविषयी एवढेच आहे, एक फाटलेला ढग.

ज्ञानदेव तेवढ्यावर थांबत नाहीत. फाटलेला ढग म्हणजे नेमका कसा, ते ते दाखवतात. एक, हे आभाळ अवेळी आलेले आहे. दोन, ते थोडेसे आणि पातळ आहे. तीन, ते सहज, योगायोगाने आले आहे. त्याच्यामागे दुसरी फळी नाही. चार, ते टिकतही नाही आणि बरसतही नाही. मुळातल्या एका शब्दाचा हा विस्तार नुसत्या कल्पनेने होत नाही. ‘फाटलेला’ हा शब्द घेऊन कवी कापडाकडे गेला असता, कागदाकडे गेला असता. ज्ञानदेव आभाळाकडेच राहिले, कारण असले आभाळ त्यांनी पाहिलेले होते.

कुठे पाहिले असेल? शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती प्रवरेकाठी, नेवाशाला. आळंदी, पैठण, आपेगाव, नेवासे ही सारी गावे सह्याद्रीच्या पूर्वेची. समुद्रावरून येणारे ओले वारे सह्याद्री चढताना वर जातात, थंड होतात आणि त्यांच्यातले पाणी घाटमाथ्यावरच कोसळते. महाबळेश्वराला वर्षाला 5000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. डोंगर ओलांडून वारा खाली उतरला की तो पुन्हा तापतो, ढगातले बारीक थेंब विरू लागतात, आणि पुढच्या पठारावर उरते ते पळते, विरळ आभाळ. सोलापूर जिल्ह्याच्या वाट्याला वर्षाकाठी साधारण 500 ते 600 मिलिमीटर येतात. डोक्यावरून ढग जात आहेत आणि खाली जमीन कोरडीच आहे, हे दृश्य या पठारावरच्या माणसाला कोणी सांगावे लागत नाही. ती ओवी या मुलखातली आहे.

वारकऱ्याला तर तिचा पडताळा चालता चालता येतो. माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते आणि पुण्याहून दिवेघाट चढते. त्या दिवसांत घाटात पुष्कळदा आभाळ इतके खाली आलेले असते की पताकांची टोके धुरकट दिसावीत. सासवड, जेजुरी, वाल्हे मागे पडते. नीरेचे स्नान होते. लोणंद, तरडगाव, फलटण करीत आपण पुढे जातो आणि आभाळ हळूहळू वर जाते, तुटक होते. माळशिरस-वेळापूरच्या बाजूला ढगांची सावली शेतांवरून धावताना दिसते, क्षणभर अंगाला गारवा लागतो, आणि पुन्हा ऊन. वारा पश्चिमेचा, म्हणून तो बहुतेक वाट आपल्या पाठीशी असतो. ढगही आपल्याच दिशेने निघालेले असतात. आपण मुक्कामाला पोचतो, ते वाटेतच विरतात. अर्जुनाचा प्रश्न असा रोज डोक्यावरून जात असतो.

एक साधी गोष्ट करून पाहावी. आभाळ मोकळे असेल त्या दिवशी एकच लहानसा, कापसाच्या पुंजक्यासारखा ढग निवडावा आणि हरिपाठ सुरू करावा. अधूनमधून त्याच्याकडे पाहावे. त्याच्या कडा आधी झिजतात, मग मधे निळे भोक पडते, मग दोन तुकडे होतात. हरिपाठ पुरा होईपर्यंत तो बहुधा दिसेनासा झालेला असतो. कुठे गेला म्हणून शोधले तर शेजारीच, मघा जिथे काहीच नव्हते तिथे, दुसरा जमू लागलेला असतो. यात करमणूक आहे, हे नाकारायचे कारण नाही. आनंदाला पैसा लागत नाही, साधन लागत नाही, आणि म्हाताऱ्या माणसालाही तो ओसरीवर बसून मिळतो.

पण ही ओवी नुसत्या आनंदाची नाही. न बरसणारे आभाळ म्हणजे काय, हे आपल्या परंपरेने सोसलेले आहे. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबारायांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली. ते दुःख त्यांनी आपल्या आत्मपर अभंगात स्वतः सांगितले आहे. 1972 चा दुष्काळ आठवणारी माणसे आजही दिंडीत चालतात. मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरडी गेली, आणि तरी पेरणी मागे ठेवून माणूस वारीला निघाला, असे होते. त्याने ढगाकडे पाहणे आणि सुखवस्तू माणसाने पाहणे यात फरक आहे. म्हणून अर्जुनाच्या तोंडी हा दृष्टांत शोभतो. तो शंका विचारत नाही, तो घाबरला आहे. श्रम केले आणि फळ आले नाही, ही भीती शेतकऱ्याची आहे तशी साधकाचीही आहे. वर्षानुवर्षे माळ घालून, एकादशी करून आपण जागच्या जागीच आहोत, असे ज्याला कधी वाटले, त्याला ही ओवी वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

भगवंतांचे उत्तर प्रसिद्ध आहे. चांगले करणाऱ्याची दुर्गती होत नाही. तो पुन्हा योग्य घरी जन्मतो आणि मागचा धागा तिथूनच उचलतो. पण उत्तरात ढगाचा उल्लेख राहून गेला, असे वाटते. अर्जुनाने ढगाचे विचारले होते. ढगाचे काय झाले?

ते समजून घ्यायला नवव्या अध्यायात जावे लागते. कल्पाच्या अंती सर्व भूते माझ्या प्रकृतीत येतात आणि कल्पाच्या आरंभी मी त्यांना पुन्हा सोडतो, असे भगवंत तिथे सांगतात. त्यावर ज्ञानदेव जे दाखले देतात, त्यांत एक आभाळाचा आहे. शरदाची उघडीप पडली की पावसाळ्यातले ढगांचे थवे आकाशातल्या आकाशातच आटून जातात. दृश्य तेच, ढग विरण्याचे. सहाव्यात ते भ्यालेल्या शिष्याच्या तोंडी आहे, म्हणून तो नाश. नवव्यात ते देवाच्या तोंडी आहे, म्हणून ते घरी परतणे. ढग तोच; वरच्या आकाशाकडे लक्ष गेले की नाही, एवढाच भेद. या दोन ओव्या शेजारी ठेवून वाचल्या तर सहाव्यातला अर्जुनाचा ढग नवव्यात देवाला सापडतो. विवरणकारांनी दोन्हींचा अर्थ नीट दिला आहे, पण त्या एकमेकींशी बोलतात हे क्वचितच सांगितले जाते.

इथे एक मोह आवरायला हवा. ढग विरला तरी पाण्याची वाफ हवेत उरते आणि ती हवा पुन्हा वर चढून थंड झाली की ढग बनतो, हे आज शाळेतले मूलही शिकते. ते ज्ञानदेवांना सातशे वर्षांपूर्वीच ठाऊक होते, असे टाळ्या घेणारे विधान व्यासपीठावर सोपे असते. त्याची गरज नाही. त्यांनी वाफेविषयी काही सांगितलेले नाही. त्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि पाहिले तेवढेच प्रामाणिकपणे मांडले. त्यांचा मोठेपणा त्या पाहण्यात आहे. त्याला विज्ञानाच्या शिक्क्याची जोड कशाला?

दुसरा आक्षेप आपल्यातूनच येईल. नामस्मरण सोडून आभाळात काय पाहायचे? मग ज्ञानदेवांची ती प्रसिद्ध विरहिणी पाहावी. कान्ह्याच्या भेटीची ओढ सांगण्याआधी ती घनाचा आणि वाऱ्याचा आवाज ऐकवते, आणि तो घनाचा गडगडाट नव्हे, दूरून येणारा घुमता आवाज आहे. ज्याचे कान बाहेरच्या ढगाला बंद असतील त्याला आतली हाक तरी कशी ऐकू येईल? आपल्या देवाला आपण मेघश्याम म्हणतो. मेघाकडे कधी न पाहता तो शब्द उच्चारला, तर उच्चार होतो, रंग दिसत नाही.

यंदा पठारावर आलात आणि पातळसे आभाळ न बरसता डोक्यावरून गेले, तर मन खट्टू होईल. ते साहजिक आहे. पण त्याच सोलापूरच्या पठारावर बऱ्याच वर्षी सर्वांत मोठा पाऊस सप्टेंबरात येतो, वारी आटोपून सगळे घरी परतल्यावर. आषाढात विरले ते आकाशातच विरले. त्याखालून चालणाऱ्याने पाऊल पुढे टाकावे आणि नाम सोडू नये.

रामकृष्णहरी.